तुझी सात नंबर किती जाते?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"कॉम्प्युटर सोडून काहीही बोल," असं संयोजकांनी बजावलंय. म्हणून गोल्फबद्दल बोलते. नोकरीनिमित्त मी डेन्व्हरला असते. तिथे चाळिशीत हा खेळ शिकले.

गोल्फच्या पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. नवशिक्याच्या हाती बहुधा आधी सात नंबरची आयर्न देतात. मग जो भेटेल तो विचारतो, "तुझी सात नंबर किती जाते?" आपल्याकडे "किती टक्के पडले?" विचारतात ना, अगदी तस्संच!

ट्रॅकमॅन या रडारयंत्राच्या एका प्रसिद्ध तक्त्यात पीजीए टूरवरच्या पुरुषांची सरासरी 172 यार्ड आहे, एलपीजीएच्या महिलांची 141. हे अंतर चेंडू जमिनीला टेकेपर्यंतचं. पुढे घरंगळतो ते वेगळं. हौशी पुरुष साधारण 120 ते 150 यार्ड मारतात, आम्ही हौशी बायका शंभराच्या आतबाहेर.

पण सगळ्यांची सात नंबर सारखी नसते. जुन्या काठीचं पातं 35 अंशांच्या आसपास कललेलं असे, आजच्या काहींचं 30 हून कमी. कोन कमी, तर चेंडू लांब. शिवाय डेन्व्हर 1,600 मीटर उंचीवर. हवा विरळ, म्हणून तोच फटका समुद्रकाठापेक्षा लांब जातो.

मग आपला आकडा कोणता? आपल्या विज्ञानाच्या बाईंना प्रयोगवहीत एकच निरीक्षण चालत नसे. मी सरावाच्या मैदानावर तीस चेंडू मारले आणि प्रत्येकाचं अंतर लिहिलं. सर्वांत लांब गेला तो 118 यार्ड. पण बहुतेक 95 च्या आसपास. म्हणून माझा आकडा 95. तळं ओलांडायला 105 यार्ड लागणार असतील, तर मी पाच नंबर काढते. तो एक 118 वाला मनात धरून खेळणाऱ्यांचे चेंडू तळ्यात सापडतात.

ऑफिसात काम कधी संपेल हे सांगतानाही मी आता सर्वांत चांगला आठवडा धरत नाही, नेहमीचा धरते. रात्रीची जागरणं कमी झाली, घरी दिलेला शब्द पाळता येतो.

बाई समोरच बसल्या आहेत. बाई, निरीक्षणं तीस घेतली. सरासरीऐवजी मध्यक काढलाय. तेवढ्यासाठी मार्क कापू नका!