मागच्या बाजूचं गाणं

डिस्को म्हटलं की आपल्याला चमचमते कपडे, फिरते दिवे आणि मिथुन आठवतो. ‘डिस्को डान्सर’ आपल्याकडे आला १९८२ मध्ये. पण अमेरिकेत, जिथून हे वेड निघालं, तिथे त्याला तीन वर्षं आधीच उतरती कळा लागली होती. त्या उतरत्या काळातली तीन गाणी आज सांगते. तिन्ही बायकांनी गायलेली.

पहिलं ग्लोरिया गेनरचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’, म्हणजे ‘मी तगून राहीन’. १९७८ मध्ये हे गाणं निघालं, तेव्हा कंपनीने ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. पुढच्या बाजूला दुसरंच गाणं. ग्लोरिया स्टेजवर पडली होती, पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली होती. पाठीला पट्टा बांधून तिने हे गाणं गायलं. मग नाचघरांत रेकॉर्ड लावणाऱ्यांनी तबकडी उलटी केली. लोकांना ते इतकं आवडलं की मार्च १९७९ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

पण त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर पेटीभर डिस्को तबकड्या स्फोट करून उडवल्या गेल्या. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को मुख्यतः काळ्या लोकांच्या, समलिंगी लोकांच्या नाचघरांत वाढलेलं संगीत. हा राग नुसता गाण्यांवर नव्हता, असं अनेक अभ्यासक म्हणतात.

आता गंमत ऐका. तीनच महिन्यांनी पिट्सबर्गच्या संघाने बेसबॉलचं मोठं अजिंक्यपद जिंकलं. त्या संघाचं आवडतं गाणं कोणतं? ‘वी आर फॅमिली’, म्हणजे ‘आम्ही एक कुटुंब’. सिस्टर स्लेज या फिलाडेल्फियाच्या चार सख्ख्या बहिणींचं डिस्को गाणं!

तिसरं गाणं डोना समरचं, १९८३ चं. तोवर डिस्को हे नावसुद्धा कंपन्यांना नकोसं झालं होतं. एका रेस्टॉरंटच्या प्रसाधनगृहात काम करणारी बाई थकून बसल्या जागी झोपलेली डोनाने पाहिली आणि त्यातून कष्टकरी बाईवरचं गाणं झालं. त्या अल्बमच्या मागच्या कव्हरवर डोनाबरोबर त्या बाईचाही फोटो आहे. ज्या बाईकडे कुणी मान वर करून बघत नव्हतं, तिच्या कामाला गाण्यात मान मिळाला.

१९८० मध्ये ग्लोरियाच्या गाण्याला उत्कृष्ट डिस्को गाण्याचं ग्रॅमी मिळालं. तो पुरस्कार त्या एकाच वर्षी दिला गेला, मग बंद झाला. गाणं मात्र आजही वाजतं. आजारातून उठलेल्या, घर सुटलेल्या, नोकरी गेलेल्या कितीतरी जणी ते आपलं म्हणून गातात.

मैत्रिणींनो, बाजार नावं ठेवतो, नावं पुसतोही. पुढची बाजू कोणती, मागची कोणती, हेही तोच ठरवतो. पण तबकडी उलटणारे हात ऐकणाऱ्यांचे असतात. आपल्या गटाच्या बैठकीतही एखादी कायम मागच्या ओळीत बसते, विचारलं तरच बोलते. येत्या बैठकीत पहिल्यांदा तिला बोलू द्या. हिशोब नंतर वाचला तरी चालेल.