अमेरिकेत पाहिलेल्या कामगारांच्या खुणा



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. मी विद्वान नव्हे. नववीतून शाळा सुटली ती सुटलीच. माझे इंग्रजी लेबर कोर्टाचे निकाल वाचून शिकलेले आहे, त्यामुळे 'बडतर्फी', 'तडजोड', 'भरपाई' या शब्दांपलीकडे ते फारसे जात नाही. तेव्हा अमेरिकेवर बोलायला चालकांनी मला का बोलावले, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

माझा भाचा बोस्टनजवळ नोकरीला आहे. त्याने तिकीट पाठवले आणि दीड महिना मी तिकडे राहिलो. त्याच्या मनात मला नायगारा दाखवायचा होता. मी म्हटले, "बाबा रे, पाणी पडताना मी कोकणात पुष्कळ पाहिले आहे. इथे जवळ कुठे गिरणी असेल तर ती दाखव." तो हसला. पण तासाभराच्या अंतरावर गिरणी होती, आणि नुसती गिरणी नव्हे, गिरण्यांचे सबंध गाव होते. त्याचे नाव लॉवेल.

फ्रान्सिस कॅबट लॉवेल नावाच्या व्यापाऱ्याने इंग्लंडातील यंत्रमाग पाहून त्यांची रचना डोक्यात साठवली आणि मायदेशी येऊन तसे माग उभे केले. आज आपण याला चोरी म्हणू. तिकडे त्याचे नाव गावाला दिले आहे! तो १८१७ सालीच वारला. गाव वसले ते त्याच्या मागून, १८२० नंतर, मेरिमॅक नदीच्या काठी. नदीचे पाणी कालव्यांनी फिरवायचे आणि त्या जोरावर गिरण्या चालवायच्या, अशी योजना होती. ते कालवे अजून वाहतात. पुढे शंभरएक वर्षांनी गिरण्या दक्षिणेकडे गेल्या, इमारती ओस पडल्या, गाव भिकेला लागले. १९७८ साली अमेरिकन सरकारने तेथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केले. उद्यान म्हणजे बागबगीचा नव्हे. गिरण्या, कालवे, कामगारांची वसतिगृहे हेच ते उद्यान.

बूट कॉटन मिल्स या गिरणीत संग्रहालय आहे. आत शिरताना आमच्या हातावर कानात घालायचे बोळे ठेवले. मला कळेना, संग्रहालयात बोळे कशाला? दार उघडले आणि कळले. तळमजल्यावर सबंध साळखाता उभा आहे. ऐंशीच्या वर साचे, छतावरून फिरणारे पट्टे, आणि त्यांतले काही साचे खरोखर चालू. कापड विणले जात होते. मंडळी, मी बोळे काढून टाकले. माझे वडील मुंबईला साळखात्यात विणकर होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी फाटकापर्यंत जात असे, आणि आतून जो आवाज येत असे तो हाच. तो आवाज मी चाळीस वर्षांनी ऐकला, आणि ऐकला कोठे, तर सातासमुद्रापलीकडे, तिकीट काढून! मुंबईत ज्या ठिकाणी तो आवाज होता, तेथे आज काचेची दुकाने आहेत.

एक म्हातारे गृहस्थ माहिती सांगत होते. त्यांनी धोटा हातात घेतला आणि त्याच्या छिद्राला तोंड लावून दोरा कसा ओढीत ते सांगू लागले. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागायची, कापसाची किटाळ छातीत जायची आणि क्षय पसरायचा. हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. मी भाच्याला म्हटले, "त्यांना सांग, आमच्याकडे याच दोऱ्यावरून आणखी एक गोष्ट घडली." दोरा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होईल, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना साळखात्यात शिरू देत नसत. पगार जास्त त्या खात्यात, आणि दार बंद. ते बंद ठेवण्यात मालकाइतकेच आमचे सवर्ण कामगारबंधूही होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. भाच्याने हे सगळे इंग्रजीत सांगितले. म्हाताऱ्याने धोटा खाली ठेवला आणि विचारले, "क्षयाचे भय नव्हते, आणि विटाळाचे होते?" मी काय उत्तर देणार?

या गिरण्यांत आरंभी काम केले ते शेतकऱ्यांच्या मुलींनी. पंधरा-वीस वर्षांच्या पोरी खेड्यांतून येत आणि कंपनीच्या वसतिगृहात राहत. रात्री दहाला दार बंद, रविवारी प्रार्थनेला गेलेच पाहिजे. पहाटे घंटा, दिवसाकाठी बारा-तेरा तास काम. त्यांच्या जेवणाचे टेबल आजही मांडून ठेवले आहे. ते पाहून मला आमच्या गिरणगावच्या खानावळी आठवल्या. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत एकेक बाई पंधरा-वीस गड्यांना जेवू घालीत असे. त्या बाईचे ताट कोणत्या संग्रहालयात आहे?

या मुलींनी १८३४ साली मजुरीकपातीविरुद्ध काम बंद केले, १८३६ साली पुन्हा केले. १८४५ च्या सुमारास सेरा बॅग्ली या गिरणीकामगार बाईच्या पुढाकाराने त्यांनी दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्यांचे अर्ज कायदेमंडळाकडे धाडले. कायदेमंडळाने ऐकून घेतले आणि नकार दिला. बायका आणि मुलांपुरता दहा तासांचा कायदा त्या राज्यात झाला तो १८७४ साली! आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची सभा भरवली आणि रविवारची सुट्टी मिळाली १८९० साली. तेव्हा 'पाश्चात्त्यांना सगळे आपोआप मिळाले' असे जे आपण मानतो, ते खरे नव्हे.

आणखी एक गोष्ट मला आवडली. लॉवेलचा कापूस कोठून येत असे, हे ते लपवीत नाहीत. तो दक्षिणेतील गुलामांनी वेचलेला होता, आणि लॉवेलचे जाडेभरडे कापड पुन्हा त्याच गुलामांच्या अंगावर चढत असे. १८६१ साली यादवी युद्ध पेटले, कापूस अडला, लॉवेलच्या मालकांनी गिरण्या थांबवून हजारो कामगार घरी बसवले. त्याच चार वर्षांत मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ साली युद्ध संपताच सट्टेबाजांचे दिवाळे वाजले. एकाच्या घरी चूल विझली म्हणून दुसऱ्याच्या घरी दिवाळी, असा हा धंदा!

असो. लॉवेलमध्येच मी फार रेंगाळलो. तेथून शिकागोला गेलो. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला, ४ मेला हेमार्केटच्या सभेत बाँब पडला. तो कोणी टाकला हे आजवर सिद्ध झालेले नाही. तरी पार्सन्स, स्पाइस, फिशर आणि एंगल या चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी दिले. पुढे १८९३ साली गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी तुरुंगात उरलेल्या तिघांना सोडले आणि खटलाच अन्यायाचा होता असे लिहून ठेवले. मजा अशी, की आपल्याकडे १ मेला सुट्टी, महाराष्ट्राचा जन्मदिवसही तोच, आणि जेथे हे घडले त्या देशात कामगारदिन सप्टेंबरात! हेमार्केटला प्रथम पुतळा उभा राहिला तो पोलिसाचा. १९६९ आणि १९७० साली तो दोनदा स्फोटाने उडवला, शेवटी तेथून हलवावा लागला. २००४ साली त्या जागी वक्त्याच्या गाडीचे शिल्प बसवले. आता तेथे देशोदेशींच्या युनियनांनी लावलेल्या पट्ट्या आहेत. हुतात्म्यांचे मूळ स्मारक मात्र शहराबाहेर दफनभूमीत आहे. तेथे मी गेलो तेव्हा कोणी तरी ताजी फुले ठेवून गेले होते.

कोलोरॅडोतील लडलो ही जागा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माळरान, वारा, आणि मध्ये एक दगडी स्मारक. १९१३ साली कोळसा खाणीतले कामगार संपावर गेले, कंपनीच्या घरांतून त्यांना बाहेर काढले, म्हणून युनियनने तंबू ठोकले. गोळ्यांपासून वाचण्यासाठी लोकांनी तंबूंखाली खड्डे खणले. २० एप्रिल १९१४ रोजी तंबूंना आगी लावल्या. एका खड्ड्यात दोन बाया आणि अकरा मुले गुदमरून मेली. ती जागा पुढे खाणकामगारांच्या युनियनने विकत घेतली आणि १९१८ साली स्मारक उभारले. सरकारने राष्ट्रीय स्मारक म्हणून नोंद केली ती २००९ साली, म्हणजे नव्वद वर्षे त्या खड्ड्याची राखण युनियनने केली. खड्ड्यावर लोखंडी झाकण आहे. ते उचलून पायऱ्या उतरता येतात. मी उतरलो. आत काहीही नाही. लहानशी खोली, एवढेच.

वर आलो आणि भाच्याशी बराच वेळ बोललो नाही. त्याला वाटले, मामाला चढण सोसली नाही. खरे कारण निराळे होते, आणि ते मी आज येथे प्रथमच सांगत आहे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्या भागात संपकऱ्यांना धान्य वाटले जाई, आणि त्याची एक वही होती. नाव, चाळ, घरात माणसे किती, ज्वारी किती, आणि पुढे सही किंवा अंगठा. पुढे मी युनियनच्या कामात पडलो. १९९६ साली आमच्या शाखेची खोली सोडायची वेळ आली, कारण भाडे थकले होते. कपाटात वर्गणीच्या पावत्या, हँडबिले, फोटो, आणि ती वही. मी रद्दीवाल्याला बोलावले. तीनशे नव्वद रुपये आले. त्यात भाड्याचा एक हप्ताही भागला नाही. कोणी सांगितले नव्हते, मीच बोलावले.

परत आल्यावर मी नवी वही घातली. आई आता ऐंशीच्या घरात आहे. तिला रांगेत पुढे कोण असे, मागे कोण असे, ते आठवते. तिने सोळा नावे सांगितली. पुढे लोकांकडे जाऊन जाऊन आता एकशे बारा झाली आहेत. पुष्कळ जण संपानंतर गावी परतले, आणि या तालुक्यातील माणसे त्यांत थोडी नव्हती. तुमच्यापैकी कोणाचे वडील, चुलते, आजोबा गिरणीत असतील तर त्यांचे नाव, गिरणी आणि खाते मला हवे आहे. जुना पास, पगाराची चिठ्ठी, एखादा धोटा घरात पडला असेल तर तो मला देऊ नका, फक्त दाखवा. आभारप्रदर्शन झाले की मी वही घेऊन दाराजवळच्या बाकावर बसणार आहे.