पाय कुणी बांधले?

भावांनो, बादशाही चीनमध्ये पोरीचे पाय लहानपणीच करकचून बांधत. का, तर चांगलं स्थळ मिळावं! ऐकून तुम्ही हळहळता. पण आपल्या घराचं काय?

20 जुलै 1942 ला नागपुरात दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बाईला काडीमोडाचा हक्क द्या, एका बायकोवर दुसरी करायला बंदी घाला, गिरणीतल्या बाईला रजा द्या, असे ठराव आपल्या आयाबायांनी केले. काडीमोडाचा आणि एकाच बायकोचा कायदा आला 1955 साली. म्हणजे 13 वर्षं त्या पुढे होत्या.

आणि तुम्ही? सभेत समतेवर बोलता. घरी तुमचं उष्टं ताट बहीण उचलते. अकोल्याच्या, अमरावतीच्या पोरांनो, आज आपलं ताट आपण धुवा. मग भाषण करा.