कमरेचा नाडा आणि घरी शिवलेला परकर
(महिला शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर या तालुक्यांत आवणीचे दिवस म्हणजे दिवसभर वाकून काम. चिखलात साडी सुटू नये म्हणून आपण परकराचा नाडा करकचून बांधतो. पावसाने भिजला की त्याची गाठ इतकी आवळते की संध्याकाळी सोडवता सुटत नाही. कमरेवर काळा वळ, खाज, साल जाणे हे तर बहुतेकींना नेहमीचेच वाटते.

वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी सन २०२४ मध्ये ७० वर्षांच्या एका बाईंची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. नऊवारीखाली परकर घट्ट बांधण्याची त्यांची सवय होती. कुशीवर जखम झाली, ती दीड वर्ष भरली नाही आणि तपासणीत तो त्वचेचा कर्करोग निघाला. असे क्वचितच घडते, तेव्हा घाबरू नये. पण कमरेवरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर हळद लावून वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी.

दोष साडीचा नाही, बारीक आणि घट्ट नाड्याचा आहे. बाजारातल्या तयार परकरात बहुधा दोरीसारखा नाडा असतो. घरी शिवला तर तो आपल्याला हवा तसा रुंद करता येतो.

छत्तीस इंच पन्ह्याचे सुती पॉपलीन अडीच मीटर घ्यावे. रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापावे; नाहीतर पहिल्या धुण्यातच परकर आखडतो. शिवणाच्या वर्गात सहा कळ्यांचा परकर शिकवतात, पण नवशिकीला आठ कळ्यांचा बेत सोपा पडतो. हव्या त्या उंचीपेक्षा एक इंच कमी लांबीचे दोन तुकडे कापावेत. प्रत्येक तुकडा पन्ह्यात दुमडला की रुंदी १८ इंच होते. नितंबाच्या घेरात २ मिळवून ८ ने भागावे व शिलाईसाठी १ इंच वाढवावा. घेर ३८ असेल तर ६ इंच येतात. वरच्या कडेला ६ इंचांवर आणि खालच्या कडेला १२ इंचांवर खूण करून तिरकी रेघ कापावी, घडीही कापावी. दोन तुकड्यांच्या मिळून आठ कळ्या होतात. एकीची सरळ बाजू दुसरीच्या तिरक्या बाजूला जोडत जावे, म्हणजे कापड ओघळत नाही. शेवटच्या शिलाईत वर सहा इंच चीर सोडावी.

कमरपट्टीसाठी ६ इंच रुंद कापड घ्यावे, ते दुमडून अडीच इंचांची पट्टी होते. उरलेल्या ४ इंच रुंद कापडाचा, कडा आत मुडपून, दीड इंचांचा चपटा नाडा शिवावा. खरे काम या दोन पट्ट्यांचेच आहे, तेथे घाई करू नये.

मशीन नसेल तरी अडत नाही. कळ्यांना बारीक धावदोरा घालून दर चार टाक्यांनंतर एक उलटा टाका घ्यावा. कमरपट्टीला मात्र सगळी उलटी टीपच हवी. खालची कड तुरपावी. आवणीसाठीचा परकर घोट्याच्या बराच वर ठेवावा.

नेसताना सुरगाठ मारावी. नाडा आणि अंग यांत दोन बोटे सहज जायला हवीत. चीर एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे घ्यावी, म्हणजे गाठ रोज एकाच जागी काचत नाही. भिजलेला परकर घरी येताच बदलावा.