परक्या गावी दोघी परक्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंग्लंडातल्या दिवसांविषयी मी चार शब्द बोलावेत अशी आपली आज्ञा झाली. नोकरीनिमित्त मी तेथे सहा वर्षे होते. परंतु राजवाडा, थेम्स नदी आणि तिच्यावरचे पूल आपण सर्वांनी चित्रांत पाहिलेले आहेत. ते वर्णन मी करीत बसत नाही. मी सांगणार आहे ते रोजच्या जगण्याविषयी, आणि तेही माझ्या एकटीच्या नव्हे. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन बाई काम करीत असे. ती शिकागोची; मी माहेरची धुळ्याची, सासरची जळगावची. आम्ही दोघीही त्या देशात परक्या. आता कोणालाही वाटेल की, इंग्रजी ही तिची मातृभाषा, तेव्हा तिला कसले आले परकेपण? मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु जसजसे दिवस गेले तसतसे दिसू लागले की, भाषा एक असली म्हणजे घर एक होते असे नाही.

साधे वांग्याचे उदाहरण घ्या. आपण शाळेत इंग्रजीत वांग्याला ‘ब्रिंजल’ म्हणायला शिकलो. इंग्लंडात ते ‘ऑबर्जीन’, आणि अमेरिकेत ‘एगप्लँट’. भाजीच्या दुकानात आम्ही दोघी एकाच वांग्याकडे बोट दाखवून उभ्या, आणि दुकानदाराला आमचे दोघींचेही शब्द अनोळखी! ती ‘चिप्स’ मागे, आणि तिच्या ताटात तळलेले गरम बटाटे येत. तिला हवे असलेले कुरकुरीत वेफर्स तेथे ‘क्रिस्प्स’. ‘पँट’ हा शब्द उच्चारला की कचेरीतल्या बाया गालातल्या गालात हसत, कारण तेथे तो आतल्या कपड्याचा शब्द. ‘पहिल्या मजल्यावर ये’ म्हटले की ती तळमजल्यावरच वाट पाहात उभी राही, कारण अमेरिकेत तळमजला हाच पहिला. येथे मात्र माझी सरशी होती. मजले मोजण्याची आपली रीत इंग्रजांचीच.

तेथे भेटताक्षणी ‘बरी आहेस ना?’ असे विचारण्याची चाल आहे. ती बिचारी घाबरून आरशात पाही. आज आपला चेहरा आजारी दिसतो की काय! मला त्याचा उलगडा लगेच झाला. धुळ्यात नाही का, ‘काय, बरं शे ना?’ म्हणून विचारणारा उत्तराची वाट न पाहता पुढे निघून जातो? ते विचारणे नव्हेच, तो रामराम.

घरातही तोच प्रकार. तिने अमेरिकेहून कॉफीचे यंत्र आणले होते. तिकडची वीज १२० व्होल्टची, इंग्लंडची २३० ची. ते यंत्र कपाटातच राहिले. माझा जळगावचा मिक्सर मात्र पिनेची जोडणी बदलताच सुरू झाला, कारण आपली वीजही २३० व्होल्टची. दिव्याचे बटण आपल्यासारखेच तेथेही खाली दाबले की दिवा लागतो. अमेरिकेत वर केले की लागतो. ती म्हणे, ‘रोज संध्याकाळी हे बटण मला सांगते की तू येथली नाहीस.’

रस्त्यावर वाहने डाव्या बाजूने धावतात. मला त्याचे काहीच नवल नव्हते. तिचे डोळे मात्र भलत्याच बाजूला वळत. म्हणून रस्ता ओलांडताना ती माझा हात धरी. वीस वर्षे मोटार चालविलेली ती बाई, पण बाहेरून आलेल्याला आपल्या देशाच्या परवान्यावर १२ महिनेच गाडी चालविता येते. मग अमेरिकन असो की भारतीय, तेथील परीक्षा द्यावीच लागते. आम्ही दोघींनी नियमांची पुस्तिका जेवणाच्या सुटीत एकत्र पाठ केली. दूरदर्शनसंच पाहण्यासाठी दर वर्षी परवान्याचे पैसे भरावे लागतात हे तिला अजब वाटे. मी तिला सांगितले, आमच्याकडेही पूर्वी रेडिओचा परवाना असे आणि माझे वडील तो पोस्टात भरून येत. तिला आणखी एक ओझे होते. अमेरिकेचा नागरिक जगात कोठेही कमावीत असो, कमाई ठरावीक मर्यादेपुढे गेली की त्याला मायदेशीही कराचे विवरणपत्र द्यावे लागते. तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये ती दोन-दोन देशांचे कागद मांडून बसे.

खरी कसोटी सणांची. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा दिवस. दूरदूरची मुले त्या दिवशी आईच्या घरी जेवायला पोहोचतात. इंग्लंडात तो नुसता गुरुवार. लक्ष्मीपूजनही तेथे कामाचाच दिवस. मी संध्याकाळी आगगाडीने घरी येऊन पणत्या लावी, आणि धूर होऊन घरातली धोक्याची घंटा वाजू नये म्हणून उदबत्ती एकच. पहिल्या वर्षी आम्ही एकमेकींना सांगितलेही नाही. दुसऱ्या वर्षी ठरविले की, दोन्ही सण शनिवारी करायचे आणि दोघींनी मिळून करायचे. तिच्या घरी मी भरीत नेले. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे आपण जाणताच; परंतु तेथे ना ते हिरवे वांगे, ना भाजायला कपाशीच्या काड्या. गॅसवर भाजलेल्या जांभळ्या वांग्याचे ते भरीत तिने पावाला लावून आवडीने खाल्ले.

लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे. १९३२ साली न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने ते स्थापन झाले. तेथे गेले की मराठी कानांवर पडे, डोळे भरून येत. पण मंडळ आठवड्याचे सातही दिवस जवळ नसते. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांहूनही लहान. मेमध्ये ४५ अंशांचे ऊन सोसणाऱ्या आपल्या खानदेशच्या माणसाला दुपारी चारला पडणारा तो काळोख अंगावर येतो. त्या वेळी जळगावात रात्रीचे साडेनऊ. घरची मंडळी निजण्याच्या तयारीत.

इंग्रज शेजारी मात्र वाईट, असे मी म्हणणार नाही. आमच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ बर्फ पडला की स्वतःच्या दाराबरोबर आमचेही दार झाडून देत. पण सहा वर्षांत त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. दुसऱ्याला त्याच्या घरात निवांत राहू देणे ही त्यांच्याकडची माया. आपल्याकडची माया दार न ठोठावता आत येते.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत पहाटे फोन आला. माझे वडील धुळ्यास गेले. विमान दुसऱ्या दिवशीचे. पोहोचेपर्यंत सारे उरकलेले असणार हे कळत होते. कचेरीतून सर्वांच्या सह्यांचे एक पत्र आले, बॉसने हवी तेवढी रजा दिली. त्यात कोणाचे काही चुकले नाही. त्यांची रीत तीच. पण घरात मी एकटी होते. दुपारी ती अमेरिकन मैत्रीण दारात आली आणि तिने एकच प्रश्न विचारला, ‘तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?’

मी म्हटले, ‘येऊन बसतात.’

‘आणि काय बोलतात?’

‘काही नाही.’

तिने जोडे काढले, माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि काळोख पडेपर्यंत एक शब्दही बोलली नाही. मग विचारले, ‘आणखी काय करतात?’ मी सांगितले, ‘त्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणतात.’ ती उठून घरी गेली आणि उकडलेले बटाटे व पाव घेऊन आली. भगिनींनो, ते मीठ कमी पडलेले बटाटे मी आजवर विसरलेली नाही.

आपल्या इतिहासात अशी एक बाई होऊन गेली आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि १८८७ साली पुण्यास वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या, आणि पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत. धर्म वेगळा, वर्ण वेगळा, पण शेवटची जागा आपल्या माणसांत दिली. महाविद्यालयाने पदवी दिली; आसरा दिला तो एका गृहिणीने.

आता आपल्याकडे वळू. धुळ्याहून जळगाव सुमारे ९० किलोमीटर, पण नवी सून म्हणून मी येथे आले तेव्हा माझ्या अहिराणीला शेजारच्या बाया हसत, आणि त्यांची लेवा बोली मला उमगत नसे. आज आपल्या नव्या वसाहतींत बँकेच्या, रेल्वेच्या, महाविद्यालयाच्या नोकरीसाठी दूरदूरच्या प्रांतांतून कुटुंबे येतात. सातपुड्यातून पावरा बाया कामाला उतरतात. दक्षिणेची एक भगिनी आमच्याच इमारतीत दीड वर्ष राहून बदली होऊन गेली. तिचा मुलगा आठ दिवस तापाने फणफणला होता हे ती गेल्यावर रखवालदाराकडून सर्वांना कळले. दारावर आपण तिच्या रांगोळीचे कौतुक करीत होतो, इतकेच.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. गल्लीत नवे बिऱ्हाड आले की आठ दिवसांच्या आत दोघी सभासदांनी तेथे जावे. वर्गणीचे पावती-पुस्तक बरोबर नेऊ नये. नळाला पाणी कोणत्या दिवशी येते, पिठाची गिरणी कोठे, रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, एवढे सांगावे. चहा दिला तर बसून घ्यावा. आणि आपल्या रीती शिकविण्यापूर्वी त्यांना विचारावे, ‘तुमच्याकडे काय करतात?’

आपल्या पुष्कळ लेकी-सुना आज परमुलखांत आहेत. त्यांच्या दारी कोणी जावे अशी इच्छा असेल, तर आपल्या गल्लीतल्या परक्या दारी आपण आधी गेले पाहिजे. सूचनेचा विचार कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत व्हावा अशी विनंती करते.