‘नाशिक’ लिहिण्याच्या तऱ्हा

(मराठी संगणनविषयक संमेलनातील अध्यक्षीय भाषण, नाशिक)



या शहरात अध्यक्ष म्हणून बोलायला उभं राहिलं की दडपण येतं. १९४२ साली आचार्य अत्र्यांनी इथल्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. डिसेंबर २०२१ मध्ये ९४वं संमेलन इथंच भरलं, तेव्हा अध्यक्ष होते जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आलं नव्हतं, आणि आता तर ते आपल्यात नाहीत. त्यांची आठवण मी शिष्टाचार म्हणून काढलेली नाही. आज मला जे म्हणायचं आहे, त्याचा मोठा आधार त्यांच्या आयुष्यात सापडतो. त्याकडे मी थोड्या वेळानं येईन.

आपण जे साधन वापरतो, त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. फोन असो, प्रणाली असो, फाँट असो की कीबोर्ड असो. हा अभिमान वाटण्यात गैर काही नाही. मराठी संगणकावर आली ती अशा वेड्या अभिमानी माणसांमुळेच. पण गेल्या काही वर्षांत या अभिमानाचा अभिनिवेश झाला आहे. दुसरं साधन वापरणाऱ्याला आपण अडाणी ठरवतो, आपल्या साधनातला दोष दाखवणाऱ्याला शत्रू मानतो, आणि मदत मागायला आलेला माणूस या भांडणात चेंगरतो. याबद्दल मला तळमळीनं बोलायचं आहे, कारण यात नुकसान मराठीचं होतं आहे.

‘नाशिक’ हा शब्द संगणकात कसा शिरतो ते जवळून पाहू. डीटीपी ऑपरेटर कृतिदेव फाँट लावून हा शब्द उमटवतो तेव्हा पडद्यावर देवनागरी दिसतं, पण फाइलमध्ये साठतात ती रोमन चिन्हं: यू, के, एफ, अपॉस्ट्रॉफी, के, डी. तीच फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की एवढीच निरर्थक रांग समोर येते. यातला एफ म्हणजे पहिली वेलांटी. ती ‘श’च्या आधी साठवली जाते, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तिथं वेलांटी ‘श’च्या मागून येते, कारण उच्चार त्या क्रमानं होतो. मग युनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांचे पुन्हा दोन गट. इनस्क्रिप्टवाला पाच कळा दाबतो: व्ही, ई, शिफ्टसह एम, एफ, के. फोनेटिकवाला रोमन स्पेलिंग टाकतो आणि प्रोग्रॅम त्याचं देवनागरी करून देतो. शब्द तोच. तो लिहिणारे मात्र एकमेकांचं तोंड पाहायला तयार नाहीत.

खरं तर प्रत्येक गटाकडे अभिमान बाळगण्यासारखं काहीतरी आहे. इनस्क्रिप्टची रचना १९८०च्या दशकातली. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी. मराठी टंकलेखन शिकलेल्या माणसाला गुजरातीचा किंवा कन्नडचा कळफलक नव्यानं पाठ करावा लागत नाही. फार मोठ्या विचारानं झालेलं काम आहे ते. फोनेटिकचं देणंही तितकंच मोठं आहे. बराहा आणि गमभन यांसारख्या प्रोग्रॅममुळे परदेशातली मराठी माणसं, आयुष्यभर इंग्रजी कीबोर्डावर बोटं चालवलेले अभियंते, पहिल्याच बैठकीत मराठीत लिहू लागले. शिकण्याचा उंबरठाच तिथं काढून टाकलेला होता.

आणि तरीही आपण काय करतो? निवृत्त झालेल्या एखाद्या शिक्षिका मराठी संगणनाच्या समूहात विचारतात, ‘दऱ्या’मधला अर्धा र कसा काढायचा? माझ्याकडून ‘दर्या’ होतंय, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतोय. उत्तर एका ओळीचं आहे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी, मग य. ते एका ओळीचं उत्तर येण्याआधी फोनेटिक वापरणं म्हणजे रोमनच्या कुबड्या घेणं कसं आहे, यावर व्याख्यान येतं. त्यावर दुसरा गट इनस्क्रिप्ट ही सरकारी कचेरीतली वस्तू असल्याचं सुनावतो. दोन दिवस रण माजतं. बाई पुन्हा त्या समूहात दिसत नाहीत. त्यांच्या गावाच्या आठवणी, त्यांच्या आईच्या ओव्या, त्यांना जे काही लिहायचं होतं ते राहून जातं. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्या भांडणात कोण जिंकलं याचं मला काहीही वाटत नाही.

डीटीपीवाल्यांच्या बाबतीत तर आपण अन्यायच केला. युनिकोडचा पुरस्कार करणाऱ्यांमध्ये मीही आहे, आजही आहे. पण आपल्यातल्या अनेकांनी छपाईच्या धंद्यातल्या माणसांना वर्षानुवर्षं मागासलेलं म्हटलं. श्रीलिपी, आकृती असले जुने फाँट सोडत नाहीत, म्हणजे त्यांना भाषेची चाड नाही, असं सरळ बोललं गेलं. त्यांची अडचण कोणी विचारली नाही. ज्या पेजमेकरवर ते पानं लावत होते, त्याची शेवटची आवृत्ती २००१ची आणि तिला युनिकोड देवनागरी झेपतच नव्हतं. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय आली ती २०१२च्या सीएस ६ आवृत्तीत. मधली अकरा वर्षं त्या माणसानं काय करायचं होतं? उद्या सकाळी लग्नपत्रिका छापून द्यायची आहे, जोडाक्षर फुटलेलं चालणार नाही, गिऱ्हाईक दारात उभं आहे. जो फाँट अक्षर नीट उमटवतो तोच तो वापरणार. त्याच्याजवळ कारण होतं, आणि आपण त्याला निष्ठेच्या तराजूत तोललं.

दोष दाखवणाऱ्याला गप्प बसवण्याचं नुकसान साधनालाच कसं भोगावं लागतं, याचंही उदाहरण आपल्या लिपीतच आहे. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. वकिलाच्या पाटीवरचं ‘ॲड.’ त्यानंच सुरू होतं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, पण या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८च्या ५.१ आवृत्तीत. तोपर्यंत आपण ‘अ’वर चंद्र चढवून वेळ भागवत होतो. दिसायला दोन्ही सारखी, संगणकाच्या लेखी मात्र निराळी. म्हणून आजही एका पद्धतीनं लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीनं शोधला तर अनेकदा सापडत नाही. युनिकोड परिपूर्ण आहे असं म्हणणाऱ्यांच्या हाती सगळं असतं, तर हे अक्षर कधीच आलं नसतं. ते आलं, कारण ते नाही हे उघडपणे म्हणणारी माणसं होती.

बाहेरच्या जगातही असंच चाललं आहे, आणि तिथली किंमत अधिक भयंकर आहे. लिनक्सवर संगणक सुरू होताना लागणारी सिस्टमडी नावाची यंत्रणा आली तेव्हा तिच्यावरून एवढं वैर पेटलं, की तिचे कर्ते लेनार्ट पोएटरिंग यांनी २०१४ साली जाहीरपणे लिहिलं: माझ्या खुनाची सुपारी देण्यासाठी लोकांनी बिटकॉइन गोळा करायला सुरुवात केली होती. संगणक कसा सुरू व्हावा या प्रश्नावरून! लिनक्सचे जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांना २०१८च्या सप्टेंबरमध्ये आपल्या जहाल भाषेबद्दल माफी मागून काही काळ कामातून बाजूला व्हावं लागलं.

पण मला सर्वांत अस्वस्थ करणारी घटना २०२४ची आहे. एक्सझेड नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे, फाइली आवळून लहान करणारा. जगभरच्या असंख्य लिनक्स यंत्रांवर तो असतो, आणि तो सांभाळत होते फिनलंडमधले लासे कॉलिन, विनामोबदला, स्वतःच्या फुरसतीत. २०२२ साली काही जण त्यांच्या मागे लागले. सुधारणा लवकर का येत नाहीत, तुम्हाला रस उरला नसेल तर दुसऱ्याला सूत्रं द्या, असा एकसारखा तगादा. आपल्या मानसिक आरोग्याच्या दीर्घ तक्रारी आहेत आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे, हे त्यांनी सांगून पाहिलं. अखेर मदतीला आलेल्या एकाच्या हाती त्यांनी अधिकार दिले. त्या खात्यावरून पुढं प्रोग्रॅममध्ये चोरवाट घातली गेली. मार्च २०२४च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला, त्यानं माग काढला, म्हणून अनर्थ टळला. तगादा लावणारी ती खातीही बनावट असावीत, असं जाणकारांना वाटतं. मला टोचणी लावणारी गोष्ट पुढची आहे. त्या खात्यांनी उतावळ्या चाहत्याचा स्वर हुबेहूब उचलला होता, आणि तेव्हा कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. राबणाऱ्या माणसाशी असंच बोलायचं असतं, इतकी आपल्या कानांना त्या स्वराची सवय झाली आहे.

चाहत्यांची ही फौज आपोआप तयार होते असंही समजू नका. ॲपलनं १९८०च्या दशकातच मॅकिंटॉशचा प्रसार करायला गाय कावासाकींसारखे ‘इव्हँजेलिस्ट’ नेमले होते, म्हणजे शब्दशः धर्मप्रसारक. २०१४ साली शाओमी भारतात आली. ठरलेल्या वेळी विक्री उघडायची, हां हां म्हणता साठा संपायचा. ज्याच्या हाती फोन पडला तो त्याचा राखणदार झाला. कंपनीनं आपला धंदा केला. प्रश्न आपला आहे. दुसऱ्याच्या मालाच्या जाहिरातीसाठी आपण आपल्या माणसांशी का भांडायचं?

आता नारळीकरांकडे येतो. विश्वाला आरंभ नाही असं मांडणारा स्थिर स्थितीचा सिद्धांत १९४८चा. फ्रेड हॉइल त्याच्या कर्त्यांपैकी एक, आणि नारळीकर हॉइलांचे शिष्य. १९६५ साली विश्वातल्या सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध लागला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्या सिद्धांताचं सुधारलेलं रूप मांडलं आणि अखेरपर्यंत ते महास्फोटाला प्रश्न विचारत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञांना त्यांचं म्हणणं पटलं नाही. एवढी चिवट निष्ठा आपल्यापैकी कोणाची आपल्या फोनवर असेल?

आणि याच माणसानं १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. तिथं थानू पद्मनाभन आले, वरुण साहनी आले, तरुण सौरदीप आले. यांचं काम ज्या विश्वशास्त्रात होतं, ते महास्फोटाच्या पायावर उभं होतं. संचालक स्वतः उलट मताचे असताना त्यांच्याच संस्थेत हे संशोधन बहरलं. आपलं मत त्यांनी गणितानं मांडलं, निरीक्षणांच्या कसोटीवर मांडलं, आणि संस्थेचं दार मात्र आपल्या मताच्या मापानं बांधलं नाही. मतभेद इतका खोल, तोही साऱ्या विश्वाबद्दलचा, आणि तरी समोरच्याला जागा करून दिली जाते. कीबोर्डावरून भांडणाऱ्या आपल्याला हे का जमू नये?

साधनापेक्षा प्रश्न मोठा मानून एकत्र काम करणं नाशिकनंही पाहिलं आहे. २०१५च्या सिंहस्थाआधी, मूळचे नाशिकचे आणि एमआयटीत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकारानं इथं कुंभथॉन हा उपक्रम झाला. गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय असे प्रश्न मांडून मुलं कामाला बसली. आधी प्रश्न ठरला, मग साधन शोधलं गेलं. पुढचा सिंहस्थ २०२७चा, तोही दाराशी आहे.

असाच एक प्रश्न मी या संमेलनापुढं ठेवतो. आपल्या जिल्ह्यातल्या स्मरणिका, दिवाळी अंक, शाळांचे आणि संस्थांचे अहवाल, स्थानिक लेखकांची पुस्तकं जुन्या फाँटमध्ये अडकून पडली आहेत. हार्ड डिस्क खराब होत आहेत, सीडी वाचता येईनाशा झाल्या आहेत. कन्व्हर्टर आहेत, पण ते पुरत नाहीत. एकाच नावाच्या फाँटच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत चिन्हांच्या जागा बदललेल्या असतात. रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो, तो उचलून आधी न्यावा लागतो. वेलांटी आधी असते, ती मागं न्यावी लागते. मराठीचा अर्धा र तर बहुतेक वेळा चुकतोच. कोणती कळ कोणतं अक्षर काढायची, हे ज्याच्या बोटांना अजून आठवतं तो जुना डीटीपी ऑपरेटर आणि प्रोग्रॅम लिहू शकणारी आजची मुलगी, ही दोघं एका टेबलाशी बसल्याशिवाय हे काम होणार नाही. ज्यांना आपण मागासलेलं म्हटलं, त्यांच्याचकडे ही किल्ली आहे, आणि ते आता साठीच्या पुढं आहेत.

नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. आपल्याकडे कोणता फाँट आहे, त्याची आवृत्ती कोणती, कोणत्या साली कशासाठी वापरला, आणि त्यातलं एखादं छापील पान मिळू शकेल का, एवढं तिच्यात लिहा. छापील पान अवश्य आणा, कारण रूपांतर बरोबर झालं की नाही हे त्याच्याशीच ताडून पाहता येतं. उद्या सकाळच्या सत्रात भाषणं ठेवलेली नाहीत. तो वेळ पहिली पानं घेऊन बसायला मोकळा ठेवला आहे. इनस्क्रिप्टवाल्यांनी यावं, फोनेटिकवाल्यांनी यावं, आणि शहरातल्या छापखान्यांत ज्यांची ओळख असेल त्यांनी आज संध्याकाळीच फोन करून त्या मंडळींना बोलावून घ्यावं.