शेततळ्यातील मासे आणि तापमानाचा खोटा आकडा



२०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली, आणि तळ्यात पाणी आहे म्हटल्यावर कुणी त्यात रोहू, कटलाही सोडले. काहींनी पाण्याचे तापमान बघून एरिएटर आपोआप चालू-बंद करणारी पेटीही बसवली. सोय चांगली. पण पेटीने आकडाच खोटा दाखवला तर काय करायचे?

आधी आकड्याचे महत्त्व समजून घ्या. २० अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. म्हणून परभणीच्या वैशाखात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. अशा वेळी एरिएटर बंद राहिला, तर सकाळी मासे मेलेले दिसतील.

पुष्कळ पेट्यांत ‘डीएस १८ बी २०’ हा तीन तारांचा सेन्सर असतो. त्याचे दोन आकडे ओळखून ठेवा.

१) ८५ अंश : हा पाण्याचा ताप नव्हे. वीज आल्यावर पहिले मोजमाप होईपर्यंत सेन्सरजवळ हाच आकडा असतो. मोजायला पाऊण सेकंद लागतो. प्रोग्रॅम तेवढा थांबत नसेल, किंवा तार ढिली होऊन वीज तुटत असेल, तर ८५ येतो.

२) उणे १२७ अंश : म्हणजे सेन्सर सापडलाच नाही. तार तुटली, जोडात पाणी शिरले, किंवा माहितीची तार आणि विजेची तार यांमध्ये ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर लावायचा राहिला.

आकडा सारखा उड्या मारत असेल, तर सेन्सरची तार मोटारीच्या केबलपासून दूर न्या. हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा, हे विसरू नका.

आकडा स्थिर आहे पण शंका येते? मग पेल्यात कुटलेला बर्फ आणि थोडे स्वच्छ पाणी घेऊन ढवळा, सेन्सर त्यात दहा मिनिटे ठेवा. शून्य यायला हवे. अर्धा अंश इकडेतिकडे चालेल. अंगातला ताप बघायचा थर्मामीटर या कामाचा नाही. सेन्सर तळ्यात सावलीला, हातभर खोल ठेवा. वरचे पाणी उन्हाने जास्त तापते.

शेवटची गोष्ट पेटी बसवणाऱ्याकडून करून घ्याच. ५ पेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त आकडा आला, तर प्रोग्रॅमने तो टाकून द्यावा आणि एरिएटर चालूच ठेवावा. चार पैसे विजेला जास्त जातील, पण मासे वाचतील.

आणि पेटी कितीही चांगली असो, पहाटे तळ्यावर एक फेरी माराच.